न बसणारी कॅसेट

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन टीव्ही गेम होते. एक आमच्याकडे, एक समोरच्या दारात, माझ्या वर्गमैत्रिणीकडे. कंपन्या वेगळ्या, पण दोन्ही आठ बिटचे, आणि एकीची कॅसेट दुसरीच्या मशीनला बिनतक्रार बसायची. त्यामुळे दोघींनी एकच कॅसेट घ्यायची नाही, असा आमचा करार होता. तिनं रणगाड्यांची घेतली की मी मोटारसायकलची घ्यायची. अदलाबदलीत घोळ नको म्हणून आईनं माझ्या प्रत्येक कॅसेटवर पांढरी चिकटपट्टी लावून आमचा खोली नंबर लिहिला होता, डब्यांवर लिहायची तसाच. कॅसेट अडली की पिनांवर फुंकर मारायची. माझ्या फुंकरीनं हमखास चालते असं मैत्रीण म्हणायची, आणि मला त्याचा भयंकर माज होता.

सातवीच्या परीक्षेनंतर तिच्या मस्कतच्या मामानं सोळा बिटचं, भारीतलं मशीन आणलं. काळं, चकचकीत, तिसऱ्याच कंपनीचं. मी मोटारसायकलची कॅसेट घेऊन धावत गेले. ती म्हणाली, "अगं, तुझी ह्याला नाही बसत."

तिनं ते साधंच सांगितलं होतं. मला मात्र दाराबाहेर काढल्यासारखं लागलं. दूर कुठेतरी कंपन्यांची एकमेकींवर कुरघोडी चालली होती, म्हणून प्रत्येकीनं आपापली खाच वेगळी ठेवली होती, हे मला कोण सांगणार? मला वाटलं, हिलाच आता आपली गरज उरली नाही. मी मुळातच तापट. फुगून बसले आणि तिच्याकडे जाणं बंद केलं.

आठवड्याभरानं आईनं त्यांच्याकडे कैरीची डाळ देऊन पाठवलं. मैत्रीण आंघोळीला गेली होती, तिची आई स्वयंपाकघरात होती, आणि बाहेरच्या खोलीत स्टुलावर ते मशीन. माझ्या फ्रॉकच्या खिशात कॅसेट होतीच. का होती ते विचारू नका. मी तिच्या पिनांवर जोरात फुंकर मारली आणि ती खाचेत दाबली. बसेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबली. आत कटकन वाजलं. कॅसेट उपटून मी घरी पळाले.

मशीन पुन्हा सुरू झालंच नाही. तिच्या बाबांनी कल्याणला दाखवलं, ठाण्याला नेलं. ह्या कंपनीचा माल इकडे येत नाही, पार्ट मिळणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. शेवटी ते माळ्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रीण आपल्या सगळ्या जुन्या कॅसेटी परकराच्या ओच्यात घेऊन आमच्या दारात उभी. मोटारसायकलची लाव, म्हणाली.

तो मे महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता, आणि हे लिहिताना मला लाज वाटते. आम्ही सकाळपासून खेळायचो, दुपारी तिच्याकडे आमरस, संध्याकाळी आमच्याकडे भेळ. ती हसली की मी टीव्हीकडे बघत राहायचे. दहा वेळा सांगायला तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं.

परवा ठाण्याला तिच्या घरी गेले होते. तिच्या मुलाला नवं मशीन हवं होतं. घरातलं चांगलं चालतंय, पण मित्रांचं दुसऱ्या कंपनीचं, त्यामुळे त्यांच्याबरोबर ह्याला खेळता येत नाही. तो रडकुंडीला आला होता. त्याच्याकडे बघता बघता माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. डाळ, खिसा, फुंकर, सगळं.

मैत्रीण शेंगा सोलत होती. तिनं मानही वर केली नाही.

"माहितीये मला," म्हणाली. "तुमच्या खोली नंबरची चिकटपट्टी आत अडकलेली. बाबांनी बघायच्या आत मी काढून टाकली."

मग तेव्हा बोलली का नाहीस, मी विचारलं.

"त्याला खेळायचे दोन रिमोट होते गं," ती म्हणाली. "आठवडाभर दुसरा तसाच पडलेला."