दुसऱ्या नावाची बाटली

आमची लेक फ्रान्सात, बोर्दोकडं, वाइन करते. हे वाक्य आमच्या घरात बोलायला बंदी होती. कुणी विचारलं की आमचे हे घसा खाकरून सांगायचे, "फळप्रक्रियेत हाय." फळप्रक्रियेत! जणू पोरगी तिकडं पेरूची जेली ढवळत बसलीय. खरं सांगितलं तर स्थळं यायची बंद होतील, ही ह्यांची काळजी. पण दर सुट्टीला ती आणायची ती बाटली मात्र चालायची. नुसती चालायची न्हाई, शोकेसमध्ये बल्बखाली उभी करून आल्यागेल्याला दाखवायचे. लेक ती गुपचूप काढून माझ्या कोठीत, गारव्याला आडवी करून ठेवायची.

वाइन प्यायला मला तिनंच शिकवलं. हे सांगलीला गेले की दुपारी आम्ही दोघी मागच्या दारी बसायचो. तिनं सांगितलं, मोठ्या मळ्याची एक नावाजलेली बाटली असते, आणि त्याच मळ्यातली, त्याच हातांची, दुसऱ्या नावाची एक असते. कोवळ्या वेलींची द्राक्षं, नाहीतर पहिलीच्या निवडीत न बसलेली पिंपं तिच्यात जातात. किंमत कमी, पिकते लवकर, आणि दहाबारा वर्षं मुरली की भल्याभल्यांना गप करते.

"म्हणजे धाकट्या सुनेसारखी की गं," मी म्हटलं. "राबणं तेवढंच, नाव थोरलीचं." पोरगी हसून हसून लोळली.

पहिला घोट मला काही रुचला नव्हता. आता लय आवडते. सगळा तुरटपणा गळून गेलेला असतो, जुन्या चिंचेचा वास येतो आणि घोट गिळला तरी चव जिभेवर बसून राहते. सोबत भाजलेले शेंगदाणे. लसणाची चटणी घेतली की लेक ओरडायची, वाइन मेली म्हणून.

यंदा गावच्या यात्रेला तिनं आणलेली बाटली वेगळी होती. दुसऱ्या नावाचीच, पण तिच्या तिथल्या पहिल्या हंगामातली, इतकी वर्षं मुरलेली. घड कापण्यापासून पिंपं धुण्यापर्यंत तिचे हात लागलेले. कुठल्या पिंपातलं किती घ्यायचं हे ठरवताना तिथल्या जुन्या कारागिरानं पहिल्यांदा तिला विचारलं होतं. "बाबांनी ही प्यावी आणि चारचौघांत एकदा म्हणावं, माझ्या पोरीनं केलीय. बास," ती म्हणाली. मी ह्यांच्या कानावर घातलं. "बघू," म्हणाले. ह्यांच्या 'बघू'वर माझा अख्खा संसार गेलाय.

यात्रेच्या मटणाला पुरुषांची पंगत आधी बसली. ह्यांनी बाटली उघडली, ग्लास गोल फिरवला. "आधी नाकाला लावा. घाई करू नका." शिकवलं लेकीनं आणि मिरवतायत हे! साखर कारखान्याचे एक माजी संचालक पाहुणे होते. त्यांनी आज्ञाधारकपणे नाकाला लावली आणि लगेच वरनं सोडा ओतला. भाकरीची टोपली घेऊन दारात उभ्या लेकीनं डोळे मिटले.

माझे थोरले दीर निवृत्त सुभेदार. उभा जन्म मिलिटरी कँटीनच्या रमवर काढलेला. ते मात्र तशीच, सावकाश पीत होते. "लय मऊ हाय रं," ते ह्यांना म्हणाले. "कुणी केली ही?"

सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. लेकीनं टोपली छातीशी धरली. ह्यांनी मिशीवरनं बोट फिरवलं. "आता फ्रान्सची माणसं ती. पिढ्यानपिढ्यांची कला. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. थोरल्या दिरांसमोर मी आजवर चढा आवाज काढला नव्हता. रश्श्याचं पातेलं धाडदिशी खाली ठेवलं. "माझ्या लेकीनं केलीय," मी म्हटलं. "फळप्रक्रिया न्हाई अन् काय न्हाई. वाइन करती ती. तिच्या हातची पिताय तुमी, सोडा घालून नासवू नका."

संचालकांचा घास हातातच राहिला. हे ताटातल्या मिठाकडं बघत बसले. दिरांनी शेजारच्याला कोपरानं सरकवलं. "पोरी, हितं बस." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तुमी बी बसा. किती उभ्यानं वाढणार?"

लेक बसली. रडत होती, पण बसली. मीही पदर खोचला आणि तिच्या शेजारी बसले. आमची ताटं रिकामी आणि वाढायला कुणीच नाही.

मग हे उठले. पातेलं उचलून लेकीसमोर वाकले, रस्सा वाढला, थोडा सांडलाही. वर बघायचं काही धाडस झालं नाही. पण पंगतीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "तू केलेली अजून एक हाय का गं?"