खांदा अठरा

माझं माप आजवर कुणी घेतलेलं नव्हतं. जन्म शिंप्याच्या घरात. लहानपणी बापाने नजरेनेच कापड बेतलं आणि हातात कात्री आल्यापासून माझे कपडे मीच अंदाजाने शिवले. छाती चाळीस, खांदा अठरा, लांबी तीस. देवाचं नाव एखाद्या दिवशी विसरेन, हे आकडे नाही. शाळा तिसरीपर्यंत, तीही तमिळ. मराठी अक्षरं बापाने उरलेल्या कापडाच्या तुकड्यांवर खडूने गिरवून घेतली. म्हणून या लिखाणात ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असतील तर ते सुनेचं श्रेय, आणि अक्कल कमी पडलेली दिसली तर ती माझी.

आमची माणसं तंजावरची मराठी, तिथून चेन्नईला आली. अंबत्तूरला, औद्योगिक इस्टेटीच्या मागच्या रस्त्यावर माझा गाळा आहे. एके काळी कारखान्यांच्या युनिफॉर्मचे गठ्ठे दारापर्यंत यायचे. आता उरलीत ती जुनी गिऱ्हाइकं, सगळी माझ्याच वयाची. ती आली की मी टेप काढत नसे. "माप, मास्टर?" असं कुणी विचारलं की कपाळाला बोट लावायचो. "इथे आहे."

हल्ली एकदोघं कुरकुरायला लागली होती. "मास्टर, शर्ट जरा सैल झाला."

"सैल नाही, ऐसपैस. आपल्या उकाड्यात आत वारा खेळायला नको?"

ती पैसे देऊन जायची. माझे स्वतःचे शर्टही सैल होत चालले होते, पण त्याचा दोष मी धुण्याला देत होतो. बायको म्हणायची, "साऱ्या जगात कापड धुतलं की आटतं. आपल्याच घरात तेवढं वाढतं."

मुलगा ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात इंजिनियर आहे. गाळा बंद करा, असा त्याने धोशा लावला होता. "अप्पा, पाय सुजतात तुमचे. सुईत दोरा ओवायला रस्त्याने जाणाऱ्यांना हाका मारता. पुरे झालं आता." एकदा जेवताना त्याने पुन्हा विषय काढला आणि मी रसम-भाताचा घास तोंडात असतानाच जाहीर केलं, "ज्या दिवशी माझ्या मापात चूक निघेल, त्या दिवशी मी माझ्या हाताने कुलूप लावीन. तोवर हा विषय नको."

"शब्द?"

"शब्द."

बायकोने छताकडे पाहिलं. मी शब्द दिला की ती छताकडेच बघते.

त्यानंतर मुलाने सहलीचा घाट घातला. व्हिएतनाम. मी म्हटलं, आपलं महाबलीपुरम काय वाईट आहे? सून पुण्याची, इथे नोकरीला आली ती आमच्यातच राहिली. तिने समजावलं, "अप्पा, तिकडे क्वांग नाम म्हणून एक प्रांत आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर. डोंगरात शंकराची हजार वर्षांपूर्वीची देवळं आहेत." शंकराचं नाव निघताच बायकोने पिशवी भरायला घेतली. मी हटून बसलो. मग सून सहज म्हणाली की तिथे समुद्राजवळ होई आन नावाचं जुनं गाव आहे आणि त्यात चार घरं सोडली की एक टेलर, एका दिवसात कपडा शिवून देतात. मी तासाभराने म्हटलं, "हिला एकटीला कसं पाठवू? येतो मी."

देवळांच्या जागेचं नाव 'मी सन'. चहूकडे हिरवे डोंगर आणि मधल्या खोलगटात लाल विटांची देवळं. काही उभी, काही युद्धातल्या बॉम्बनी ढासळलेली. देऊळ म्हटल्यावर मी फाटकापाशीच चपला काढल्या. आमचा गाइड धावत आला. आता इथे पूजा होत नाही, चपला घाला, वाट तापलेली आहे, असं त्याचं म्हणणं सुनेने मला सांगितलं.

"शंकर उठून गेला का?" मी म्हटलं.

"अप्पा, सगळ्यांनी घातल्यात."

"सगळ्यांना त्यांचे बाप जाब विचारतील, मला माझा."

मग जे झालं ते मी थोडक्यात सांगतो. पहिल्या देवळापर्यंत मी ताठ चाललो, दुसऱ्यापर्यंत भराभर चाललो आणि तिसऱ्यापर्यंत गवताची पट्टी शोधत उड्या मारत गेलो. बायको चपला घालून सावकाश मागून आली आणि म्हणाली, "भक्ती अंगात आली की माणूस नाचतो म्हणतात, ते आज पाहिलं."

पाय भाजले तरी तोंड चालू होतं. मी सुनेला सांगितलं, हे नक्की आपल्या चोळ राजांनी येऊन बांधलं असणार, तंजावरचा हात ओळखू येतो. सुनेने ते गाइडला सांगितलं. तो नम्रपणे हसला आणि म्हणाला, नाही, ही चाम राजांची देवळं, त्यांच्याच कारागिरांनी बांधलेली, आणि यातली काही तुमच्या तंजावरच्या मोठ्या देवळाहून जुनी आहेत.

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "तुमच्या आधीही जग होतं."

एका भिंतीपाशी मात्र मी थबकलो. विटेला वीट भिडलेली, मध्ये चुन्याची रेघ नाही. कशाने चिकटवल्या हे अजून कुणी खात्रीने सांगू शकत नाही म्हणे. मी सांध्यावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. चांगली तुरपाई अशीच असते, बाहेरून टाका दिसता कामा नये. मी मनात त्या कारागिराला म्हटलं, तूही टेप वापरत नसशील. आता वाटतं, त्याने वापरला असणार. विटेला फसवता येत नाही.

संध्याकाळी होई आनला आलो. पिवळ्या भिंतींची जुनी घरं, काळपट कौलं, नदीकाठी रंगीत कापडी कंदील. लोक कंदिलांचे फोटो काढत होते. मी एक कंदील उलटा करून त्याची शिवण पाहिली तेव्हा दुकानदाराने तो माझ्या हातून हळूच काढून घेतला. टेलरांची दुकानं मात्र सून म्हणाली तशीच, ओळीने. मी प्रत्येक काचेपुढे थांबून कॉलर बघत होतो. एक चांगली निघाली. आत शिरलो.

दुकानात माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची बाई होती. गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची गादी. पांढऱ्या लिननचा तागा मला हवाय हे माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखून तिने तो खाली काढला. इथवर आमचं भाषेवाचून छान जमलं. मग तिने टेप माझ्या खांद्याकडे नेला आणि मी मागे सरलो.

"मी टेलर आहे म्हणावं. मला माप लावत नाहीत."

सून म्हणाली, "अप्पा, इथे सगळ्यांना लावतात."

"राष्ट्रपती आला तरी?"

"त्यालाही."

"मग त्याला लावू दे. मी सांगतो ते लिहून घ्यायला सांग. छाती चाळीस, खांदा अठरा, लांबी तीस."

सुनेने फोनवर इंचाचे सेंटिमीटर करून सांगितले. बाईने लिहिले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीतरी विचारलं. सून ओठ चावत म्हणाली, "ती विचारतेय, शर्ट तुम्हाला हवाय की तुमच्या मुलाला?"

मुलगा दारात उभा होता. तो आडदांड, माझ्या तरुणपणासारखा. मी छातीवर हात आपटून दाखवला, मला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे शर्ट घ्यायला गेलो. शिवण अशी की मला दोष सापडेना. मी तो घातला आणि आरशापुढे उभा राहिलो. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. बाही कोपराच्या खाली. छातीपुढे कापडाची झोळी. कुणीतरी माझ्या शर्टात शिरून उभं होतं, आणि ते मी नव्हतो.

"तुझ्या फोनने घोटाळा केला," मी सुनेला म्हटलं.

"अप्पा, दोनदा तपासलं होतं मी."

"मग हिने कापताना खाल्लं. नाही, खाल्लं नाही, वाढवलं. नवशिकी आहे." आणि मी त्या बाईला चक्क मराठीत सुनावलं. खांदा कसा बेततात, काख कशी उतरवतात, सगळं. तिला अक्षर कळलं नसेल, पण टेलर गिऱ्हाइकाची तक्रार जगात कुठेही ओळखतो. तिने शर्ट माझ्या अंगातून काढून टेबलावर पसरला, टेपची इंचाची बाजू वर केली आणि खांद्यावर ठेवली. अठरा. छातीवर ठेवली, लांबीवर ठेवली. मी जे बोललो होतो ते जसंच्या तसं.

मग तिने टेप उचलून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या. आता तरी लावू का?

कुठल्याही शहाण्या माणसाने हात वर केले असते. मी म्हटलं, "नको. मला असाच आवडतो." आणि तो शर्ट पुन्हा घालून, दंडावरच्या शिवणीसकट, छाती काढून दुकानाबाहेर पडलो. छाती काढली तरी शर्ट भरला नाही.

मुलाने पैसे चुकते केले आणि मागून आला. दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

शेवटच्या दिवशी समुद्रावर गेलो. वारा दणकून होता. शर्ट फुगून माझी दोन माणसं झाली. बायको वाळूत बसून म्हणाली, "अहो, कशाला तरी धरून उभे राहा. नाहीतर विमानाच्या आधी चेन्नईला पोचाल." मी हसलो नाही, पण शर्टाचं टोक मुठीत धरलं. त्या वाऱ्यात मला आमची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून दिसायला लागली. सगळी अशीच फुगलेली. ऐसपैस.

चेन्नईला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीही न घेता गेलो, गाळ्याला कुलूप लावलं आणि किल्ली मुलाच्या हातात ठेवली. त्याने ती घेतली. शब्द म्हणजे शब्द.

मग मी घरी राहिलो. पडद्यांच्या दुमडी वाकड्या आहेत हे बायकोला दाखवलं. उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवायला हवेत हे दाखवलं. सुनेच्या ऑफिसच्या कुडत्याची बाही कुठे चुकली तेही ती घाईत निघताना जिन्यापर्यंत जाऊन सांगितलं. बायको दोनच शब्द बोलायची, "पोदुम" म्हणजे पुरे, आणि "देवा".

रविवारी मी तो लिननचा शर्ट काढला. कापड चांगलं होतं, वाया का घालवा? आत घेऊ. पण आत घ्यायचा तर माप हवं, आणि स्वतःच्या खांद्याचं माप स्वतःला घेता येत नाही. इतकी वर्षं धंदा करून हे मला त्या दिवशी कळलं. बायकोला टेप दिला. तिने परत केला. "मी नाही घ्यायची. चुकलं तर मरेपर्यंत ऐकावं लागेल."

राहिला मुलगा. मशीन गाळ्यात, किल्ली त्याच्याकडे. तो कुरकुर न करता आला. शटर वर केलं, आतला तेलाचा नि कापडाचा वास अंगावर आला. मी पाठ करून उभा राहिलो. कारखान्यात केसाएवढी चूक मोजणारा हा माणूस, त्याने टेप उलटा धरला.

"इंचाची बाजू, गाढवा! आणि मानेजवळ काय शोधतोस? हाडापासून हाडापर्यंत."

"हो, अप्पा."

"ओढू नकोस. नुसता टेकव. सांग."

टेप खांद्यावर तसाच टेकलेला राहिला.

"सांग की रे."

"साडेसोळा."

"नीट बघ."

त्याने पुन्हा टेप लावला. या वेळी त्याचा हात खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला. "साडेसोळाच."

मी म्हटलं, "म्हणजे मापात चूक. कुलूप बरोबर लावलं मी."

"चूक कुठे? तुम्ही माप घेतलंच नव्हतं. न घेतलेल्या मापात चूक कशी निघेल?"

मी वळून पाहिलं. "हा मुद्दा तुला होई आनमध्ये सुचला नाही?"

"तेव्हा मला गाळा बंद करायचा होता."

"आणि आता?"

"आईने सांगितलंय, तुम्ही आणखी एक आठवडा घरी राहिलात तर ती ओरगडमला माझ्या कारखान्यात येऊन बसेल." मग टेप गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण टेप लावायचा, अप्पा. प्रत्येकाला. आणि अर्धा दिवसच."

मी म्हटलं बघू. माझ्या तोंडून 'हो' एकदम निघत नाही, त्याची शिवण घट्ट आहे.

सोमवारी सकाळी शटर वर केलं तर पहिलं गिऱ्हाईक म्हणून आले ते शर्ट सैल म्हणून कुरकुरणाऱ्यांतलेच एक, बॉयलरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी गळ्यातला टेप काढला.

"काय हो मास्टर? डोक्यातलं माप गेलं का?"

"परदेशात आता हीच पद्धत आहे," मी म्हटलं. "व्हिएतनामला जाऊन शिकून आलो. हात वर करा."

त्यांनी हात वर केले. त्यांचाही खांदा उतरला होता, माझ्याहून जास्त. मी आकडा मोठ्याने वाचला नाही.

"किती भरलं, मास्टर?"

"भरलं तेवढं भरलं. तो सैल शर्ट उद्या घेऊन या. आत घेतो."