उजव्या मनगटाची खुंटी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला मी माझं वजनसुद्धा खरं सांगतो. चार वर्षं झाली. सांगायला बसलो की मी हळूच दुसऱ्याच विषयावर जातो. आत्ताही जाईन बहुधा, तुमच्या लक्षात येईलच.

मी आयुष्यभर मुद्रितशोधक होतो. लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घावर माझं घर चाललं. निवृत्त झालो, पण नजर निवृत्त होईना. अशात भाच्याने परदेशातून एक सुपरहिरोची फिगर आणून दिली. फूटभर उंच, खऱ्या कापडाचा पोशाख, तीसेक सांधे, आणि सोबत एक माहितीपत्रक. त्यात त्या बाहुल्याच्या बुटांना 'कारागिरीचं शिखर' म्हटलं होतं. बुटांना. मला राहवेना. मी मराठीत त्या फिगरचं परीक्षण लिहून इंटरनेटवर टाकलं, आणि अशा महागड्या बाहुल्या जमवणारी मराठी माणसं या जगात शेकड्यांनी आहेत हे मला तेव्हा कळलं. पुढे ते परीक्षण म्हणजे माझं कामच झालं. डोळ्यांचा रंग, शिवण, सांधे, जादाचे हात – या फिगरना हातांचे सहा-सहा जोड येतात. आपल्याकडे देवांना ते एकाच वेळी लावतात, इथे पाळीपाळीने लावायचे, एवढाच फरक.

लोक म्हणत, सर फुकटचा हार कुणाला घालत नाहीत. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

तर, इक्बालभाई.

मी नवीन पनवेलला राहतो, ते जुन्या पनवेलला मोहल्ल्यात. कुवेतला तीस वर्षं एसी दुरुस्तीचं काम करून ते कायमचे परत आले होते. माझं लेखन वाचायचे, एकदा फोन आला. म्हणाले, सर, मी एक आणलाय, खरा आहे का बघून द्या. मग जरा थांबून म्हणाले, घरच्यांच्या समोर बघा.

ते 'समोर' का, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. तिकडून परतणारा माणूस सोनं आणतो, अत्तर आणतो, घोंगडीएवढाली ब्लँकेटं आणतो. इक्बालभाईंनी शेवटच्या खेपेला स्वतःसाठी म्हणून एकच वस्तू आणली होती. तीस वर्षांत एकच. आणि घरात त्यावरून हसू सुरू झालं होतं. सगळ्यात जास्त हसायचे ते त्यांचे मेहुणे रफिकभाई, उलव्याला टाइल्सचं दुकान असलेले. 'पन्नाशी उलटली आणि दुल्हेभाई बाहुली घेऊन आले, तीपण डुप्लिकेट,' हे त्यांचं वाक्य मी पोहोचल्यापासून पंधरा मिनिटांत दोनदा ऐकलं. साजिदाभाभी दारात उभ्या होत्या. मुलगी नाझनीन तेव्हा बारावीत होती, ती वहीआडून बघत होती. बाकी दोन शेजारी. आणि माझ्या मानासाठी इक्बालभाईंनी एसी अठरावर लावून ठेवला होता.

तो एसी लक्षात ठेवा.

खोका मोठा होता. खोक्यात खोका, त्यात मखमली कागद, त्यात ट्रे. मी म्हणालो, 'ही फिगर आहे की मुलीचं रुखवत?' सगळे हसले. इक्बालभाईपण हसले. मग वरचा ट्रे काढून मी कामाला लागलो. खालचा ट्रे उचललाच नाही. ज्याची एकदा थट्टा केली, त्यात पुन्हा गंभीरपणे डोकं घालायला लाज वाटते – तुम्हाला नाही वाटत? मला वाटते.

फिगर उत्तम होती. हे नीट सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. हिरो कुठल्या तरी परक्या शहराचा रक्षक, नाव सांगत नाही, त्याचा यात काही दोष नाही. बुबुळांत ओलावा वाटावा असा रंग. टाचणीच्या टोकाएवढे टाके, सगळे सारखे. मी मनात वाक्य जुळवलंही होतं: नमुना अस्सल, शंका नको. ते म्हणायचं, रफिकभाईंचा चेहरा बघायचा आणि जेवायला बसायचं, एवढंच उरलं होतं.

पण मला फोटो हवा होता. उजवी मूठ काढून तिथे उघडा पंजा लावायचा होता. हात मनगटातल्या एका बारीक खुंटीवर बसवलेला असतो, आगपेटीच्या काडीएवढ्या. गार खोलीत ते प्लास्टिक कडक होतं. म्हणून आधी हेअर ड्रायरने मिनिटभर मनगट शेकायचं – हा या छंदातला पहिला धडा. मीच तो तीनदा लिहिलाय, एकदा तर ठळक अक्षरांत.

मग मी ड्रायर का मागितला नाही? इतक्या लोकांसमोर, रफिकभाई मिशीत हसत असताना, 'भाभी, जरा केस वाळवायचं यंत्र द्या, बाहुल्याचं मनगट शेकायचंय' असं म्हणायला माझी जीभ उचलेना. थाटामाटाची थट्टा करणाऱ्याचाही एक थाट असतो. मी मूठ धरली आणि ओढली.

टक्. एवढाच आवाज. एसीच्या घरघरीत तो मलाच ऐकू आला – असं मी चार वर्षं समजत होतो.

खुंटी तुटली होती. अर्धी मनगटात, अर्धी मुठीत. आणि नेमकं तेव्हाच रफिकभाई म्हणाले, 'काय मग सर? असली की नकली?'

आता सांगतो. आता विषय बदलणार नाही.

मी तुटलेली मूठ तळहातावर घेतली, सगळ्यांना दाखवली आणि म्हणालो, 'नकली आहे. बघा, हात लावला की तुटतंय. अस्सलमध्ये असं होत नाही.'

माझा आवाज अगदी स्थिर होता. रफिकभाईंनी मांडीवर थाप मारली. शेजारी हसले. साजिदाभाभी आत गेल्या. इक्बालभाईंनी माझ्या हातातून ती मूठ घेतली, एकदा उजेडात धरली आणि खिशात ठेवली. म्हणाले, 'सर बोलतायत तर तसंच असेल. चला, जेवून घेऊ.'

मी जेवलो. बिर्याणी दोनदा वाढून घेतली. आणि त्या आठवड्यात 'नकली फिगर कशी ओळखावी' असा लेख लिहिला, त्या मनगटाच्या फोटोसकट. माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तोच. रफिकभाईंनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

आणि इक्बालभाई? त्या ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा आला. पुढच्या ईदलाही आला. माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बारा दिवस हा माणूस स्वतःची गाडी घेऊन मला दवाखान्यात सोडायला यायचा. भाभींचा डबा मागच्या सीटवर असायचा, बिनतिखटाचा, पेशंटसाठी वेगळा. आमचा एसी त्यांनीच दोनदा दुरुस्त केला. माझ्या पासष्ट वर्षांच्या आयुष्यात माझ्यासाठी इतकं करणारी माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजेन. दर वेळी मला वाटायचं, आज सांगू. दर वेळी मी आभार मानायचो. आभार मानणं सोपं असतं हो, त्यात आपणही चांगले दिसतो.

गेल्या महिन्यात नाझनीनला नोकरी लागली म्हणून जेवायला बोलावलं होतं. दिवाणखान्यात काचेचं नवं कपाट होतं. त्यात ती फिगर उभी. उजवा हात पुढे, पंजा उघडा.

मी बघत राहिलो. नाझनीन पाणी घेऊन आली, तिला हळूच विचारलं, हा हात कधी जोडला? ती म्हणाली, 'तेव्हाच काका, दुसऱ्या दिवशी. खालच्या ट्रेखाली छोट्या पिशवीत दोन जादाच्या खुंट्या होत्या. कार्डपण होतं, नंबरवालं. अब्बांनी कंपनीला लिहून विचारलं, असलीच आहे म्हणाले.'

म्हणजे चार वर्षं. मी विचारलं, मग अब्बा कुणाला बोलले का नाहीत? रफिकमामूंना तरी?

तिने ग्लास ठेवला. 'पाहुण्याच्या हातून काही फुटलं तर आमच्यात त्या बाजूला बघत नाहीत, काका,' एवढंच म्हणाली, आणि आत गेली.

तेवढ्यात रफिकभाई आले. कपाटाकडे बघून त्यांचं जुनं वाक्य झालंच – दुल्हेभाई, डुप्लिकेटला एवढं महाग कपाट? इक्बालभाई हसले. 'डुप्लिकेट तर डुप्लिकेट. आपल्याला आवडतो.' मग रिमोट उचलून, माझ्याकडे न बघता म्हणाले, 'सर, आज पंचवीसवर ठेवतो. गारठ्यात प्लास्टिक कडक होतं.'

तीस वर्षं या माणसाने थंडीचंच काम केलं होतं. त्याला त्या दिवशी, ती मूठ उजेडात धरली तेव्हाच कळलं असणार. त्याने स्वतःच्या घरात चार वर्षं हसं होऊ दिलं, पण मला खोटं पडू दिलं नाही. आणि पंचवीसवर ठेवलेल्या त्या खोलीत, सगळे समोर असताना, मी काय बोललो? मी म्हणालो, 'बिर्याणी छान झालीये.'

तो जुना लेख मी काढून टाकलेला नाही. त्याच पानावर, त्याच्या वर, हा मजकूर टाकतो आहे. रफिकभाई माझं सगळं वाचतात, आणि पुढे पाठवतात.

इक्बालभाईंच्या फिगरचं परीक्षण असं: नमुना अस्सल. रंगकाम उत्तम, शिवण निर्दोष, सांधे मजबूत. उजव्या मनगटाची मूळ खुंटी परीक्षकाने तोडली. दुरुस्ती मालकाने केली आहे, आणि ती कुठे झाली ते शोधूनही दिसत नाही.