दुर्बिणीने बसवलेला स्क्रीन

त्याला सगळे दुर्बीण म्हणायचे. गालावर आलेला केस, कॉलरची चुणी, मागच्या भिंतीवरचा डाग, फोटोतलं काहीही त्याच्या नजरेतून सुटत नसे. मेहुण्याच्या स्टुडिओत बावीस वर्षं तो फोटो साफ करायचं काम करत होता. काउंटर सांभाळणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीलाही हे काम त्यानेच शिकवलं होतं, आणि शिकवताना चारचौघांत तिचा पाणउतारा करायची एकही संधी सोडली नव्हती. दुसऱ्याची चूक दाखवताना त्याचा चेहरा नुसता खुलायचा.

मग त्याचीच चूक सापडली. एका गिऱ्हाइकाने वारलेल्या आईचा जुना फोटो मोठा करायला दिला होता. दुर्बिणीने धुळीचे ठिपके पुसले आणि त्यांच्याबरोबर हनुवटीवरचा तीळही पुसून टाकला. "ही माझी आई नाही," एवढंच म्हणून तो माणूस फोटो काउंटरवर ठेवून निघून गेला.

"स्क्रीनचा दोष आहे, भाऊजी," दुर्बीण म्हणाला. "या लॅपटॉपवर बारकावे दिसतच नाहीत. धूळ कुठली नि तीळ कुठला, कळणार कसं?"

"आणि याआधीच्या तीन चुका?"

"त्याही स्क्रीनमुळेच."

"मग बदल स्क्रीन. तूच बदल. सोमवारी बघू तुला ठेवायचं की नाही."

भाऊजी कधी आवाज चढवत नसत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

डोळे तपासून घे, असं ताईने दोनदा सुचवून पाहिलं होतं. दोन्ही वेळा तो तिच्यावर खेकसला होता. माणूस घाबरला होता, दुसरं काही नाही. नजर सोडली तर मिरवायला त्याच्यापाशी होतं काय?

रविवारी स्टुडिओ बंद असताना तो कामाला बसला. दुप्पट बारकाव्याचा स्क्रीन त्याने मागवला होता, आणि अशा स्क्रीनला जुनी केबल चालत नाही म्हणून जास्त तारांची केबलही. त्यासाठी आधी एकदा चौकट उघडून जुन्या स्क्रीनच्या मागचा नंबर त्याने मोबाइलवर फोटो काढून, ताणून ताणून मोठा करून वाचला होता. ताई तेव्हा शेजारीच उभी होती, पण तिला विचारायचं त्याच्या जिवावर आलं.

आधी त्याने बॅटरीची जोडणी काढली. मग जुन्या बसपासाची कड फटीत सरकवून स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट एकेका टिचकीने सोडवली. स्क्रू काढले तसे कागदावर ओळीने चिकटवले. केबलचं टोक नखाएवढं होतं, ते त्याने बोटांनी चाचपत जागेवर नेलं आणि ते अलगद बसलं. बोटं अजून जशीच्या तशी होती. बावीस वर्षांत इतकं सुबक काम त्याने केलं नसेल.

बटण दाबल्यावर स्क्रीन असा लख्ख उजळला की त्याला भरून आलं. अक्षरं मुंगीएवढी झाली होती, ती त्याने मोठी करून घेतली. फोटोच्या कडा अजून धूसरच होत्या. पण उजेड वाढला होता ना, मग सवय होईल, असं त्याने स्वतःला पटवलं.

सोमवारी भाऊजींनी लॅपटॉपवर त्या आईचा फोटो उघडला. "वा," ते म्हणाले. "पापणीचा केस न् केस मोजावा. काय गं?"

ताईने मान डोलावली.

"तुला काय वाटतं?" भाऊजींनी त्याला विचारलं. "तीळ दिसतो आता?"

दुर्बिणीने ताईकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"दिसतो ना," तो म्हणाला. "अगदी ठसठशीत दिसतो. हनुवटीच्या डावीकडे."

"हा तू पुसलेला फोटो आहे," भाऊजी म्हणाले.

भाऊजी कोणता फोटो उघडणार हे ताईला आधीपासून ठाऊक होतं आणि ती गप्प राहिली होती, हे मात्र त्याला तेवढ्यात स्वच्छ दिसलं.

"आजपासून तुझी ताई बसेल यावर," भाऊजी म्हणाले. "स्क्रीन मात्र झकास बसवलास. जायच्या आधी काउंटरवरच्या लॅपटॉपलाही असाच एक बसवून दे."

तो नाही म्हणू शकला असता. पण हात मोकळे ठेवायची त्याला भीती वाटली असावी. त्याने काउंटरवरचा लॅपटॉप ओढला, बसपास काढला, चौकट सोडवली. स्क्रीन उलटा करून तो त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिला.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "मागचा नंबर तेवढा वाचून देतेस?"

ताई त्याच्या खुर्चीत बसली होती. तिने वरही पाहिलं नाही.

"थांब जरा," ती म्हणाली. "आधी हा तीळ परत लावते."