सेठची जीप आणि शालिकचा हात

शालिकच्या बायकोचा, वनितावहिनींचा फोन आला तेव्हा मी एका पिकअपखाली झोपून काम करत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. शालिक पंधरा दिवसांपासून नागपूरच्या दवाखान्यात होता, कावीळ अंगात मुरली होती, तेव्हा बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. अनपेक्षित होता तो माझ्या मनात आलेला पहिला विचार. रडू नंतर आलं, खूप आलं... पण त्याच्या आधी, हातात पाना तसाच असताना, मनात आलं की आता आमच्या कोहमाऱ्याच्या चौकात स्टिअरिंगचं काम घेऊन येणारा माणूस शेडमध्ये शिरल्या शिरल्या "शालिकभाऊ कुठं हाये?" असं विचारणार नाही. मला विचारेल. हे लिहायला लाज वाटते. पण शालिकवर कोणीतरी लिहावं असं चौकातल्या मंडळींनी ठरवलं, आणि लोकांचे अर्ज लिहून देणारा म्हणून ते माझ्याच गळ्यात पडलं. मी लिहायचं तर हे वगळून लिहिता येणार नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी आम्ही दोघांनी हायवेच्या कडेला, एका ढाब्यामागे शेड टाकली. मी तिरोड्याकडचा, तो इथलाच, सडक अर्जुनीचा. एका भिंतीवर त्याने बाबासाहेबांचा फोटो लावला, त्याच भिंतीवर मी हनुमानाचा. कामाची वाटणी कधी बोलून केली नाही, आपोआप झाली. ट्रक, ट्रॅक्टर, इंजिनाचं काम माझ्याकडे, आणि जंगलात फिरणाऱ्या जुन्या जीपगाड्या त्याच्याकडे. या गाड्या लष्कराच्या लिलावातून यायच्या, तेंदूपत्त्याचे आणि लाकडाचे ठेकेदार त्या नाल्यातून, दगडांतून हाणायचे, आणि दोनेक वर्षांत सगळ्यांना एकच रोग लागायचा. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ता नाही, आणि जरा वेग घेतला की पुढची चाकं थरथरायला लागायची. याला आम्ही 'प्ले आला' म्हणतो.

प्ले कुठे आला आहे ते शोधायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून स्टिअरिंग हळूहळू इकडेतिकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर तळवा ठेवायचा. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत सात-आठ सांधे असतात. ज्या सांध्याची अलीकडची बाजू हलते आणि पलीकडची हलत नाही, तो गेला. सांगायला एवढं सोपं आहे. आमच्यात वर बसणारा मी आणि खाली झोपणारा शालिक. खालून आवाज यायचा, "हलव." मी हलवायचो. "थांब." मी थांबायचो. मग तो पाठीची माती झटकत बाहेर यायचा, एका सांध्याचं नाव घ्यायचा, आणि तेच निघायचं.

मला ते सहन व्हायचं नाही. मालक त्याचा हात हातात घ्यायचे, चहावाला पहिला ग्लास त्याच्यापुढे ठेवायचा, आणि मी सीटवर बसून राहायचो, देवळात नुसती घंटा वाजवणाऱ्या माणसासारखा. एकदा मी हट्टाने म्हटलं, आज मी खाली जातो. तो लगेच वर जाऊन बसला. खाली माझ्या तळव्याला सगळंच हलतंय असं वाटत होतं. मी ठोकून दिलं, चाकं जोडणारा टाय रॉड गेला. नवा घातला, प्ले जसाच्या तसा. शालिक हसला नाही. "चालते गा टेकू, मले पण पयले सारंच हलून राहिलं असं वाटे," म्हणाला. हसला असता तर बरं झालं असतं. त्याच्या चांगुलपणाचाही मला राग यायचा, आणि राग यायचा याचा पुन्हा वेगळा राग.

आता सेठची जीप. सेठ म्हणजे तेंदूपत्त्याचे एक मोठे ठेकेदार, राहायला गोंदियात, पण हंगामात जंगलातल्या फळींवर, म्हणजे पत्ता गोळा करायच्या ठिकाणी, स्वतः जीप चालवत जायचे. त्यांच्या जीपचं स्टिअरिंग फार सैल झालं होतं. शालिकने सांध्यातला एक झिजलेला बुश शोधून बदलला, पण दोन बोटं प्ले शिल्लक राहिला. तो स्टिअरिंगच्या खालच्या बॉक्समधला होता. बॉक्सवर एक स्क्रू असतो, तो कसला की प्ले कमी होतो. शालिकने त्याचा नट सैल करून पाहिला आणि पुन्हा होता तसा बसवला. "बॉक्स मधातच घासला हाये," तो मला म्हणाला. "मधात घट्ट बसन असा कसला, तर पुरा वळवल्यावर जाम धरून बसन. दोन बोटं राहू दे. सेठले मी समजावून सांगतो." दुसऱ्या दिवशी त्याच्या भाचीचं लग्न होतं. तो सकाळीच गेला, आणि दुपारी सेठ जीप न्यायला आले तेव्हा शेडमध्ये मी एकटाच होतो.

ते यायच्या आधी मी जीप फिरवून पाहिली. दोन बोटं सैल. मनात आलं, शालिकला जे जमलं नाही ते मी करून दाखवतो. वळवल्यावर धरेल हे त्याने मला सांगितलेलं होतं, पण मला ती त्याची स्वतःच्या हाताबद्दलची बढाई वाटली, ज्ञान वाटलं नाही. मी स्क्रू कसला. हायवेवर जीप सुतासारखी सरळ चालली. सेठ एक चक्कर मारून आले, खाली उतरले आणि म्हणाले, "वाह. शालिक ने एकदम टाइट कर दी." मी तोंड उघडलं होतं, पण ते पुढे म्हणाले, "तू भी सीख ले उससे." मी तोंड मिटलं. घे बाबा शालिक, मनात म्हटलं, हेही तुझ्याच नावावर.

दोन दिवसांनी जंगलातल्या वळणावर सेठने स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि ते परत आलंच नाही. जीप रस्ता सोडून भाताच्या बांधीत उतरली आणि मातीच्या धुऱ्यावर आदळली. सेठच्या खांद्याचं हाड मोडलं. जीप ओढून शेडमध्ये आणली. मी वर बसलो, शालिक खाली गेला आणि बराच वेळ खालीच राहिला. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "बॉक्स जास्त कसला गेला," म्हणाला. "नट मीच सोडला होता. लग्नाच्या घाईत माह्याच हातून झालं असन." मला त्याने काही विचारलं नाही, आणि न विचारता सांगण्याइतका मी मोठा नव्हतो.

त्याच दिवशी तो गोंदियाच्या दवाखान्यात गेला आणि सेठच्या घरच्या सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला की चूक माझी आहे. मला वाटलं, आता संपला हा. पण झालं उलटंच. सेठ बरे झाल्यावर जीप घेऊन पुन्हा त्याच्याकडेच आले आणि चार ठेकेदारांना बरोबर घेऊन आले. शालिकचं नाव देवरीपर्यंत गेलं. फक्त त्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला. त्यानंतर स्टिअरिंगचं कोणतंही काम झालं की तो मला बोलवायचा, "टेकू, एकदा तू पाय. माह्या हाताचं काही खरं नाही." मग तो वर बसायचा आणि मी खाली जायचो. दहा वर्षं मी त्याच्या कामावर तळवा ठेवून "ठीक हाये" म्हणत आलो. त्याचं काम ठीकच असायचं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात फार सुख वाटायचं.

शालिकच्या पुण्यानुमोदनाच्या, त्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला सेठ आले होते. आता काठी घेऊन चालतात. ते उठून बोलले. "गलती तो सब करते हैं," म्हणाले, "पण दवाखान्यात येऊन हात जोडून चूक माझी म्हणणारा मिस्त्री मी एकच पाहिला." मंडपातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी मागच्या रांगेत बसून जुनाच हिशेब करत होतो. चूक माझी, आणि तिचा हारसुद्धा त्याच्याच गळ्यात! मेलेल्या माणसाचा, तोही अशा मित्राचा, हेवा करणारा मी पहिलाच असेन. त्या दिवशी ठरवलं की लिहायचं, आणि ती जीप मी कसली होती हेही लिहायचं.

इथपर्यंतचं मी वहिनींना त्यांच्या अंगणात बसून वाचून दाखवलं. छापायच्या आधी त्यांना कळायला हवं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. वाचून झाल्यावर एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "त्यायचं नाव मोठं झालं ते त्या चुकीनं. ते बी तुमी घेऊन राहिले का आता?"

मी म्हणालो, तसं नाही वहिनी, खरं काय ते लोकांना कळावं म्हणून. पण म्हणताना माझाच आवाज मला खरा वाटेना. पश्चात्ताप किती आणि हेवा किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

"खरं लिहाचं हाये तर सारं लिहा," त्या म्हणाल्या. "तुमाले इचारलं नाही असं काऊन लिहिलं? त्यायनं त्याच दिवशी घरी येऊन सांगलं होतं मले. टेकूले इचारलं, तो नाही म्हने. टेकू खोटं बोलणार नाही, म्हने. मंग माहंच असन."

त्याने मला काही विचारलं नाही असं सांगणारा वरचा परिच्छेद मी खोडलेला नाही. दहा वर्षं मी स्वतःला तो तसाच सांगत आलो, म्हणून लिहितानाही तसाच उतरला. झालं होतं ते असं. मोडकी जीप ओढून आणली त्या दिवशी मी सीटवर होतो, शालिक जीपखाली. मला त्याचे फक्त पाय दिसत होते. खालून त्याने विचारलं, "टेकू, बॉक्सले तू हात लावला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," खालून आवाज आला. "हलव."

मी स्टिअरिंग हलवलं.