चित्राची वरची बाजू

ती घटना आठवली की आजही मी आधी माझ्या घरातल्या भिंतीकडे बघतो. तिथं टांगलेली चौकट सरळ आहे ना, याची खात्री करतो आणि मगच पुढचं बोलतो. घरातले हसतात. हसोत बापडे.

बेचाळीसची चळवळ होऊन गेली होती, पण तिची धग अजून उतरली नव्हती. मी भोरला नवा फौजदार. खाकीची घडी मोडली नव्हती, त्यामुळे उत्साह जरा जास्तच. एक भूमिगत माणूस तोरण्याच्या बाजूच्या डोंगरांत लपल्याचं वरून कळवलं होतं. रोज सकाळची हजेरी झाली की आमचे साहेब विचारत, "काही माग?" आणि आम्ही रोज माना खाली घालत असू.

अशात आमच्या हवालदाराने वेल्ह्याच्या बाजारातून आपल्या खबऱ्याला पकडून आणलं. हा गडी दहा गोष्टी सांगायचा, त्यातली एखादी खरी निघायची. मला म्हणाला, "सायेब, तुमच्या भोरातच घराघरांत डोंगराचं नकाशे टांगल्यात. दगडगोट्यांचं. त्यात द्येव न्हाई, मानूस न्हाई. नुसत्या खुना."

त्याने सांगितलेल्या पहिल्याच घरी मी गेलो. कचेरीतल्या एका कारकुनाचं घर. दोन देवांच्या तसबिरींच्या मध्ये खरोखरच एक चौकट होती. काचेमागे मोठा फोटो, हाताने रंग भरलेला. फोटोत नदीतले गोटे, ऐनाची साल, सागरगोटे, सावरीची फुटलेली बोंडं, असं काय काय एका फळीवर चिकटवलेलं.

"हे कशाचं चित्र?" मी विचारलं.

"कशाचंच नाही," कारकून म्हणाले.

"कशाचंच नाही म्हणजे?"

"म्हणजे दगड आहेत, साली आहेत. मांडणी छान आहे. कचेरीतून आलो की बघत बसतो. बरं वाटतं."

"मीही आधी विचारायचे," त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "आता विचारायचं सोडलं."

पोलिसाचा एक स्वभाव असतो. समोरचा 'काही नाही' म्हणाला की आमचे कान टवकारतात. मी ती चौकट ताब्यात घेतली. दोन दिवसांत अशा अकरा जमा झाल्या आणि ठाण्याच्या भिंतीलगत मुद्देमाल म्हणून ओळीने उभ्या राहिल्या.

साहेबांनी एका चौकटीशेजारी तालुक्याचा नकाशा पसरला आणि भिंग काढलं. "हा मोठा गोटा म्हणजे तोरणा. ही सालीची रेघ म्हणजे कानंद नदी. आणि वरच्या कोपऱ्यातला हा काळा ठिपका? अकराच्या अकरा चित्रांत आहे. फौजदार, ही लपायची जागा!" खोटं कशाला सांगू, मलाही त्या गोट्यात तोरणा दिसायला लागला. एकदा दिसला की मग दिसतच राहतो.

चौकटींच्या मागे बाजारपेठेतल्या एका फोटोग्राफरचा शिक्का होता. त्याला बोलावलं. कोट, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि चालण्यात एक ऐट. संशयिताला आधी भरपूर बोलू द्यावं, हे मी एव्हाना शिकलो होतो. त्याला चहा पाजला आणि विचारलं, "चित्रं कुणाची?"

"माझीच," तो खूश होऊन म्हणाला. "ही नवी कला आहे, फौजदारसाहेब. निसर्गातून वेचायचं आणि मांडायचं. अर्थ बघणाऱ्याने शोधायचा. दिवाणखान्याला शोभा येते."

"आणि हा काळा ठिपका?"

त्याने आढ्याकडे पाहिलं. "तो... कलावंताच्या मनाचा केंद्रबिंदू."

"मग तुमच्या केंद्रबिंदूवर कोण लपलंय, तेही सांगून टाका," साहेब म्हणाले. त्यांनी नकाशा त्याच्यापुढे सरकवला आणि राजद्रोहाचं कलम वाचून दाखवलं.

फोटोग्राफरची ऐट बघता बघता उतरली. "साहेब, मी नुसते फोटो काढतो हो! चित्रं मार्गासनीकडची एक बाई करते. देवाशपथ! मला त्यातलं काही कळत नाही!"

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन मी तिच्या दारात उभा राहिलो. चाळिशीची, काटक शेतकरी बाई, अंगणात हिरडा वाळत घालत होती. मी कशासाठी आलो ते सांगितलं, तर ती गोंधळून नवऱ्याकडे बघायला लागली. "म्या फळीवर खडं चिकटिवलं म्हून सरकारला राग आला व्हय?"

जबाबाला सुरुवात तिथंच झाली. हिरडा वेचायला रानात गेलं की डोळ्यांत भरेल ते ती ओटीत टाकायची. सवड मिळाली की खोक्याच्या जुन्या फळीवर मांडायची आणि डिंकाने चिकटवायची. फोटोग्राफर एका लग्नाचे फोटो काढायला गावात आला होता, त्याने ओसरीवर ते पाहिलं. तेव्हापासून तो अधूनमधून यायचा, फोटो घ्यायचा आणि जायचा.

"आनि भोरातली मानसं बघत्यात का ती?" तिने मला विचारलं.

"बघतात."

"काय म्हनत्यात?"

साहेबांनी तिच्या कोठडीचा कागद लिहून तयार ठेवला होता, फक्त सही बाकी होती. त्या कागदाची आठवण असताना 'बरं वाटतं म्हणतात' हे सांगायला माझी जीभ उचलेना.

तिचा नवरा टोपी हातात धरून उभा होता. "सायेब, उद्यापत्तूर माघारी येईल न्हवं?"

"चौकशी आहे," मी म्हणालो. आमच्या खात्यातला हा शब्द फार सोयीचा असतो. त्याने टोपी डोक्यावर चढवली. "मग म्या बी येतो."

नसरापूरपर्यंत बैलगाडी आणि पुढं सर्व्हिस मोटार, असं करत आम्ही भोरला पोचलो. नवरा ठाण्याच्या पायरीवर बसून राहिला. फोटोग्राफर आधीच आत होता. मी बाईंना साहेबांपुढे उभं केलं, पण त्यांचं साहेबांकडे लक्षच नव्हतं. भिंतीलगतच्या चौकटी पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"आगं बया! समदी उलटी!"

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी पहिली चौकट उचलली आणि खालची बाजू वर केली.

"ए, हात लावू नगं! मुद्देमाल हाय!" हवालदार धावला. साहेबांनी हातानेच त्याला थांबवलं. बाई ओळीने सरकत गेल्या. एकेक चौकट फिरवायची, पदराने काच पुसायची आणि पुढची घ्यायची. अकरावी फिरवून झाली तेव्हा सगळे काळे ठिपके खालच्या कोपऱ्यात आले होते.

"तो ठिपका कसला?" साहेबांनी विचारलं. आवाज अजून कडकच होता.

"तीट हाय ती, सायेब."

"काय?"

"तीट. बिब्बा चिकटिवलाय. मनासारखं झालं की नजर लागती, म्हून लावायची. पोराच्या तळपायाला लावतो, तशी. तुमी डोस्क्यावर नेली." मग त्यांना हसू आवरेना. "तरीच म्हनलं, आसं का दिसतंय!"

साहेबांनी भिंग उचललं आणि नकाशा पुन्हा शेजारी धरला. आता तोरणा खाली घसरला होता आणि कानंद नदी डोंगर चढत होती. त्यांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदार पाच लेकरांचा बाप. तो म्हणाला, "साहेब, तीटच हाय ती. आमच्या घरात रोजचं काम."

"पण अकराच्या अकरा उलटी कशी?" मी फोटोग्राफरला विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटंच दिसतं. माणसाचा फोटो असला की डोकं कुठं ते कळतं. हे काळ्या कापडाच्या बुरख्यात शिरून जसं पाहिलं, तेच मला सरळ वाटलं."

साहेब असे हसले की टेबलावरची दौत कलंडली. त्यांना तसं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. कोठडीचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला. मी बाहेर जाऊन पायरीवरच्या माणसाला सांगितलं, "घेऊन जा यांना." तो माझ्या हाताला घट्ट धरून राहिला. मला फार लाज वाटली आणि फार आनंदही झाला.

आत आलो तर संकट टळल्याचं पाहून फोटोग्राफर खाकरत होता. "तशी मूळ कल्पना माझीच, साहेब. बाईंची नुसती मेहनत."

"तुमचा केंद्रबिंदू खाली घसरलाय," मी म्हणालो, "तेवढा सांभाळा." हवालदारसुद्धा शिस्त विसरून हसला.

मग मी जबाब लिहायला घेतला. 'सदर चित्रे मी स्वतः केली आहेत' एवढं झाल्यावर नाव विचारलं. त्यांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून, अमक्या घरातली मालकीण, असं सांगायला सुरुवात केली.

"घराचं नको, बाई. तुमचं."

त्या थबकल्या. मग हळूच नाव सांगितलं आणि मी ते ठळक लिहिलं. कागदाच्या तळाशी त्यांनी अंगठा उमटवला आणि त्या काळ्या डागाकडे बघत म्हणाल्या, "आता कशी बराबर जागी लागली तीट!"

साहेबांच्या हुकमानुसार पुढं प्रत्येक फोटोखाली फोटोग्राफरला बाईंचं नाव छापावं लागलं. आपसूकच खालची बाजू कोणती, हेही लोकांना कळू लागलं. त्या कारकुनांना चौकट परत द्यायला मी स्वतः गेलो. त्यांनी ती सरळ टांगली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "आता जास्तच बरं वाटतंय." हे मी मार्गासनीला मुद्दाम निरोप धाडून कळवलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी देणं लागत होतो. राहता राहिला तो भूमिगत माणूस. तो स्वातंत्र्यानंतर एका सत्कारसभेत भेटला. त्या सगळ्या काळात तो आमच्या ठाण्यामागच्या गल्लीत राहत होता!

पुढं नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. प्रत्येक वेळी समोरचं प्रकरण कळेनासं झालं की मी आधी स्वतःला विचारायचो, आपण हे उलटं तर धरलेलं नाही ना? निम्म्या वेळा धरलेलं असायचं.

अशा आठवणी लिहिताना नावं गाळायची रीत आहे. मीही साहेबांचं, हवालदाराचं, फोटोग्राफरचं नाव गाळलं, आणि ते योग्यच झालं. पण यातलं एक नाव आधीच एकदा गाळलं गेलं होतं, ते पुन्हा माझ्या हातून गाळलं जायला नको. त्या जबाबावर लिहिलं होतं तसंच इथं तळाशी लिहितो, तिच्या तिटेच्या जागी. सगुणाबाई.