पहिल्या टबातलं पाणी

इस्राएलमध्ये एलातला आलो तेव्हा मी पोती भरायचो. मुंबईत साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होतो, हे इथे सांगून कुणावर काही परिणाम व्हायचा नाही. आमचा कारखाना छोटा, मीठ धुण्याचा. बासष्टच्या हिवाळ्यात तिथल्या रुमानियन इंजिनिअरने मला महिनाभरासाठी आराखड्यांच्या टेबलाशी बसवलं. नव्या धुलाईची योजना कागदावर मांडायची, आणि गोडं पाणी कमीत कमी लागलं पाहिजे. जमलं तर टेबल माझं, नाहीतर परत पोती. पोत्यांचा मला मनापासून तिटकारा होता.

समुद्राच्या मिठात कडू क्षार असतात, ते धुऊन काढावे लागतात. तीन दिवस मी नुसते कागद फाडले. उत्तर सापडलं ते घरी. नळाला पाणी बेताचंच, म्हणून बायको तीन टबांत कपडे धुवायची. नवं पाणी फक्त तिसऱ्या टबात. तिथलं मग दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात. कपडे पुढे जायचे, पाणी मागे यायचं. मी तेच काढलं, टबांच्या जागी टाक्या. वर माझी अक्कल अशी, की पहिल्या टाकीतलं गढूळ पाणी निवळवून पुन्हा तिसरीत सोडलं. थेंबसुद्धा वाया नाही!

"बेसेदेर, ठीक आहे," इंजिनिअर म्हणाला. "लहान टाक्यांवर करून बघू."

पहिला आठवडा मीठ पांढरंशुभ्र निघालं आणि मी कॉलर ताठ करून फिरलो. दुसऱ्या आठवड्यात एक पुडी घरी नेली. बायकोने त्यातलं मीठ मच्छीच्या कालवणात घातलं, चव घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, हे मीठ कडू कसं? नि पुडी बघा, ओली झालीय."

तिथेच कागद पसरून मी तिला टाक्या दाखवल्या. तिने पहिल्या टाकीवर बोट ठेवलं.

"पहिल्या टबातलं पाणी मी रोज बाहेर ओतते, ते नाय दिसलं तुम्हाला? मळ जाणार कुठे मग?"

खरंच, कुठे जाणार? माती खाली बसत होती, पण पाण्यात विरघळलेले कडू क्षार दर फेरीला वाढत होते, आणि तेच मिठात राहून हवेतली ओल ओढत होते. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या टाकीतून बाहेर जाणारा एक बाण काढला. किती कमी पाणी सोडलं तर भागेल, हे ठरवायला चार दिवस गेले. मीठ सुधारलं.

"हे कसं सुचलं?" इंजिनिअरने विचारलं.

"विचार केला," मी म्हटलं. टेबल माझं झालं.

संध्याकाळी बायको कपडे पिळत होती. "सांगितलंत ना, कोणी दाखवलं ते?"

"सांगितलं. साहेब म्हणाले, बाई हुशार आहे तुमची."

ती ओल्या हातांनीच शेजारणीला सांगायला गेली.